पोटात ठेवणे आणि पोटात घालणे

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नववीतली मुलगी उरण तालुक्यात तिच्या आत्याआजीकडे दोन दिवस राहून आली आणि येताना मोबाइलवर सत्तेचाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण घेऊन आली. इतिहासाचा प्रकल्प होता. मीच इतिहासाचा शिक्षक असल्याने विषयही मीच सुचवला होता: घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायचे, आपली शेतजमीन सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, घेतली तेव्हा काय काय झाले. माझी अपेक्षा अशी, की आत्या भातशेतीचे, मिठागरांचे आणि १९८४ च्या आंदोलनाचे सांगेल. तिने ते सगळे सांगितले. पण एकतिसाव्या मिनिटाला मुलीने अगदी निरागसपणे विचारले, "मग साडेबारा टक्क्यांचा प्लॉट तुला किती मिळाला?" आणि त्यानंतर मुद्रणात बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे.

नवी मुंबईतल्या आमच्यासारख्या गावांत ही गोष्ट घराघरांत आहे, म्हणून तिची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. हिशेब सोपा आहे: एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. आमच्या आजोबांची जमीन दोन एकर होती. आजोबा तोवर वारले होते आणि वारस दोनच होते, बाबा आणि आत्या.

१९९५ मध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात आत्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि शाळेला सुट्टी असल्याने सोबत गेलो होतो. परतताना बाबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला, एवढेच माझ्या आठवणीत होते. प्लॉट बाबांच्या एकट्याच्या नावावर झाला, तो विकासकाला दिला गेला आणि आज मी हे लिहितो आहे ते त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर बसून. लेखकाची ही जागा वाचकांना आधीच माहीत असलेली बरी.

आत्याने नाते तोडले नाही. दरवर्षी भाऊबीजेला ती यायची, ओवाळायची, ताटात पडेल ते घ्यायची, पण रात्री कधी राहायची नाही. "म्हशी हायेत घरी," असे सांगायची. म्हशी विकून बारा वर्षे झाली तरी कारण तेच होते आणि आम्ही सगळेही ते तितक्याच गंभीरपणे ऐकून घेत असू. आमच्याकडे १६ जानेवारी जवळ आली की हुतात्म्यांची नावे घेतली जातात, भाषणे होतात, गोळीबाराची हकिगत ज्यांनी पाहिली ते नव्या पोरांना सांगतात. सरकारने केलेला अन्याय आम्ही चाळीस वर्षे ध्वनिक्षेपकावरून सांगत आलो. त्या अन्यायाची भरपाई घरात आली तेव्हा घरातल्याच बाईवर जो अन्याय झाला, तो सांगायला मात्र एका शालेय प्रकल्पाची वाट पाहावी लागली.

पंख्याच्या आवाजानंतर आत्या जे बोलते ते मी त्या रात्री स्वयंपाकघरात उभ्याने ऐकले. मला वाटले होते की ती गुंठ्यांविषयी बोलेल, चौरस मीटरच्या आजच्या भावाविषयी बोलेल. ती अंगठ्याविषयी बोलली. "मना सही येतं. चौथी शिकलेली मी. एजंट बोलला, बाय, अंगठा दे, लवकर होल. मी बोलले, सही येतं मना. कोनी आयकला नाय." मग ती सांगते, की अंगठ्याची जांभळी शाई जाईना म्हणून घरी जाऊन तिने आधी राखेने आणि मग नारळाच्या काथ्याने तो इतका घासला, की कातडी सोलवटली, आणि सासूने विचारले तेव्हा, भांडी घासताना लागले, असे खोटे सांगितले.

मुलीने प्रकल्पाच्या वहीत हे उतरवताना लिहिले होते: "माझे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही." व्याकरण निर्दोष होते. वाचताना मला कसेसेच झाले, कारण ते आत्याचे वाक्य राहिलेच नव्हते. मी तिला ते खोडून जसेच्या तसे लिहायला लावले. शिक्षक म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मी शुद्धलेखनाच्या विरुद्ध गुण दिले असतील.

दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाविषयी मी वर्गात अनेकदा बोललो आहे. १९९५ च्या कायद्याने तो नेमला गेला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते आणि एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन या शहरात त्याच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. वर्णद्वेषी राजवटीत छळ सोसलेल्यांची सुमारे २१,००० निवेदने आयोगाने नोंदवून घेतली. वर्गात सांगताना एक तपशील मी नेहमी घाईने उरकत असे: साक्ष देणाऱ्याला आपल्या स्वतःच्या भाषेत बोलता येत असे आणि भाषांतराची व्यवस्था आयोगाची असे. आता वाटते, तो तपशील सगळ्यांत मोठा होता. ज्याला दुखावले गेले आहे, त्याला दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या क्रमाने आणि दुसऱ्याने ठरवलेल्या प्रश्नांच्या चौकटीत बोलायला लावले, की तो जे सांगतो ते निवेदन होते, पण त्याची गोष्ट होत नाही.

पुढे मी निबंधक कार्यालयातून त्या हक्कसोडपत्राची नक्कल काढली. ज्यांनी असे कागद वाचले आहेत त्यांना त्यांची भाषा पाठ असेल. आत्या त्यात "लिहून देणार" आहे. कागद प्रथमपुरुषी आहे. मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, बंधुप्रेमापोटी माझा हक्क सोडून देत आहे, असे त्यात आत्या म्हणते. म्हणजे तिच्या नावाने, 'मी' म्हणून, एक आख्खी गोष्ट आधीच लिहून तयार होती आणि तिने फक्त खाली अंगठा द्यायचा होता. जमीन गेली ती गेलीच, पण त्याबरोबर तिच्या तोंडी एक परकी गोष्ट कायमची घातली गेली, जी सरकारी शिक्क्यासह आजही खरी मानली जाते. अन्याय झालेल्या माणसाला स्वतःची गोष्ट सांगण्याची एवढी तहान का असते, याचे उत्तर मला त्या तीन पानांच्या कागदात सापडले. ती गोष्ट न सांगितलेली नसते. ती चुकीची सांगितली गेलेली असते.

ध्वनिमुद्रण बाबांना ऐकवावे का, असे मी आत्याला फोनवर विचारले. ती म्हणाली, "मशिनीतून नको. दादूसला समोर बसू दे, मंग मी सांगन."

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. समोरासमोर बसवणे हा प्रत्येक दुखावलेल्या माणसासाठी उपाय नाही. जिथे मारहाण आहे, लैंगिक अत्याचार आहे, जिथे करणाऱ्याची दहशत अजून चालू आहे, तिथे "बसा आणि बोला" असे सांगणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा त्याच खोलीत ढकलणे आहे. आणि ज्यांना कोणासमोरच बोलायचे नसते, त्यांच्यासाठी कागद असतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या आघाताविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिकच वाईट वाटले. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांच्या मानाने कमी झाल्या. नंतर त्यांच्या गटाने अशा लिखाणांतले शब्द मोजून पाहिले, तेव्हा आढळले की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'म्हणून', 'कारण', 'आता कळते' या जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा अधिक झाला. नुसते रडगाणे तेच तेच गात राहण्याने फरक पडत नाही. गोष्टीला तिची कार्यकारणाची साखळी सापडावी लागते. माझी आजी हे जात्यावर करत असावी. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी माहेराविषयी, भावाविषयी, सासरच्या जाचाविषयी गायलेल्या ओव्या अभ्यासकांनी एक लाखाहून अधिक संख्येने गोळा केल्या आहेत. पण जाते उत्तर देत नाही. ज्याच्याविषयी ती ओवी आहे, तो शेजारच्या खोलीत पांघरूण ओढून झोपलेला असतो आणि ऐकूनही न ऐकल्याचे सोंग करू शकतो. आत्याला हे सोंग नको होते.

पहिल्या बैठकीला आत्या उरणहून लोकलने आली. हा मार्ग जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पूर्ण झाला, नाहीतर दोन बस बदलून यावे लागायचे. मी आधी बाबांना वेगळे बसवून एवढेच सांगितले होते, की तिचे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही. बाबांनी मान डोलावली होती. पाच मिनिटांत ते बोलले: "तवा परिस्थितीच तशी होती गो बाय." आत्या उठली, पदर सावरला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "चाय दे, मी निंगते." ती बैठक तिथेच संपली.

हे वाक्य बाबांचे एकट्याचे नाही. "झालं गेलं गंगेला मिळालं" हे आपल्याकडे जितक्या सहजतेने आणि जितक्या चांगल्या हेतूने म्हटले जाते, तितकी माणसे त्याने गप्प झाली असतील. ते म्हणणारा बहुधा तो असतो, ज्याचे काही गेलेले नसते. क्षमेच्या नावाखाली ऐकण्याचे टाळले जाते. गोष्ट सुरू होण्याआधीच शेवट मागितला जातो आणि जिने शेवट द्यायचा ती हट्टी ठरते. दक्षिण आफ्रिकेतही हा आक्षेप घेतला गेला आहे, की जाहीर सुनावणीच्या वातावरणात पीडितांवर क्षमा करण्याचे एक न बोललेले दडपण आले. मात्र आयोगाच्या कायद्यात क्षमेची सक्ती नव्हती. गुन्हा करणाऱ्याला दंडमाफी हवी असेल, तर कृत्य राजकीय हेतूने झालेले असणे आणि त्याने सगळे खरे सांगणे आवश्यक होते. पश्चात्ताप दाखवण्याचीही अट नव्हती. मला पूर्वी ही त्या कायद्याची उणीव वाटायची. बाबांकडे पाहिल्यावर वाटले, यात शहाणपण होते. पश्चात्ताप दाखवता येतो. तपशील द्यावे लागतात.

म्हणून दुसऱ्या वेळी मी बाबांना माफी मागा असे सांगितले नाही. त्यांना म्हणालो, त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले ते आठवून ठेवा, तिचे झाल्यावर तुम्ही सांगायचे. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला दिलेला गृहपाठच होता तो. त्यांनी तो केला. आत्या चाळीस मिनिटे बोलली, बाबा खाली पाहत राहिले, आणि मग त्यांनी सांगितले, की एजंटने त्यांना फायलीवर जास्त नावे असली की प्रकरण अडकते असे सांगितले होते. की हे खरे नाही हे त्यांना दोन महिन्यांत कळले होते. की तोवर कागद झाला होता आणि मग तो बदलावा असे त्यांना वाटले नाही. "वाटला नाय," असे ते दोनदा म्हणाले. तिच्या लग्नाचे कर्ज आपण एकट्याने फेडल्याचेही ते बोलले. आत्या म्हणाली, "मंग तवाच सांगाचा होता. मी हिशेब केला असता." त्यावर कोणीच काही बोलले नाही. मग बाबांनी एक असे सांगितले जे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते: ती "सही येतं मना" म्हणाली ते त्यांनी ऐकले होते. ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. एजंटला थांबवले तर ती कागद वाचायला मागेल, अशी त्यांना भीती वाटली.

माझ्या मते जे काही घडले ते त्या क्षणी. आत्या तीस वर्षे "कोनी आयकला नाय" असे मनाशी म्हणत होती आणि आता तिला कळले, की एकाने ऐकले होते. हे अधिक वाईट नाही का? मलाही तसेच वाटले होते आणि ती रागावेल म्हणून मी तयारीत होतो. ती रागावलीही. पण नंतर भांडी विसळत असताना ती माझ्या बायकोला म्हणाली, की इतकी वर्षे तिला स्वतःचीच शंका येत असे: आपण खरेच बोललो होतो, की बोलायचे फक्त मनात आले होते? आता साक्षीदार मिळाला, तोही ज्याने केले तोच. गोष्ट सांगण्याने माणूस बरा होतो असे आपण म्हणतो, तेव्हा बरे करणारे नेमके काय असते याचा मी बराच विचार केला आहे. तिच्या बाबतीत तरी ते, स्वतःच्या आठवणीवरचा गेलेला विश्वास परत मिळणे हे होते. आणि हे देण्याची ताकद आमच्यापैकी कोणात नव्हती, ती फक्त बाबांकडे होती.

मराठीत क्षमा करण्याला 'पोटात घालणे' म्हणतात आणि मनातले न बोलण्याला 'पोटात ठेवणे'. दोन्हींत पोटच आहे, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षे आत्याच्या ठेवण्याला घालणे समजत राहिलो. घालायचे असेल तर आधी ते बाहेर काढून, समोर मांडून, केवढे आहे ते पाहावे लागते. (क्षमा हे संस्कृतात पृथ्वीचेही एक नाव आहे. आमच्या प्रकरणात तर वादच जमिनीचा, त्यामुळे हा शब्दार्थ वर्गात सांगताना मला आता हसू येते.)

आत्याने माफ केले का, असे माझ्या मुलीने प्रकल्पाच्या शेवटी विचारले होते. आत्याने उत्तर दिले नाही आणि मीही तिला विचारलेले नाही. आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नाही. तिसऱ्या बैठकीत ती उसाच्या रसाबद्दल बोलली. तो आपण प्यायलो याचाच तिला जास्त राग होता, आणि हे सांगताना ती हसली, बाबाही हसले. पण त्याच बैठकीत तिने हेही विचारले, "न प्लॉटचा काय?"

तिने विचारले ते योग्यच केले. गोष्टीने मन मोकळे झाले म्हणून गुंठे मोकळे होत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाची सगळ्यांत दुखरी बाजू हीच आहे: माणसांनी छातीवरचे दगड उचलून दाखवले आणि आयोगाने सुचवलेली भरपाई लांबत गेली, शेवटी २००३ मध्ये पीडितांना एकरकमी ३०,००० रँड देण्याचे जाहीर झाले, आयोगाच्या शिफारशीपेक्षा बरेच कमी. सांगून घेणारा जर हात झटकून उठणार असेल, तर ते सांगणे ही दुसरी लूट ठरते. कायद्याने पाहिले तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आत्या आजोबांची वारस होती आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये मुलींचा हक्क आणखी बळकट केला. आमचा कागद १९९५ चा आहे. तिचा हक्क कायद्याला माहीत होता, म्हणूनच तर तो सोडवून घ्यावा लागला.

इमारतीत आमच्या वाट्याला आलेल्या दोन गाळ्यांपैकी रस्त्यालगतचा गाळा आत्याच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचा, असे ठरायला चार महिने लागले. तिच्या निम्म्या वाट्याच्या मानाने हे कमीच आहे, हे मी हिशेब करून बाबांना दाखवले आहे. माझ्या धाकट्या भावाला हे पटलेले नाही आणि तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो. त्याची बाजू तोही कधीतरी सांगेल, तेव्हा मला मध्ये न बोलता ऐकावे लागेल.

नोंदणीचा कागद मी आत्याला आदल्या रात्रीच वाचायला दिला होता. ती आमच्याकडे राहिली होती का, असे वाचकांना वाटेल. नाही, मी तो उरणला नेऊन दिला होता. तिने तो चष्मा लावून, ओळींखाली बोट फिरवत वाचला आणि 'बंधुप्रेमापोटी' हा शब्द काढायला लावला. वकील म्हणाले, मसुद्यात तो असतोच. ती म्हणाली, मसुदा तुमचा, नाव माजा. शब्द काढला.

कार्यालयात तिने सही केली, अक्षर मोठे, शेवटच्या अक्षरावरची रेघ जरा लांब. मग कारकुनाने यंत्र पुढे सरकवले आणि सांगितले, अंगठा ठेवा. मी पटकन म्हणालो, सही केली ना त्यांनी? तो म्हणाला, सगळ्यांनाच ठेवावा लागतो साहेब, फोटो आणि अंगठा. बाबांनी आधी ठेवला, हिरवा दिवा लागला. आत्याने ठेवला तर यंत्र काही तो घेईना. सासरी मिठागरावर राबलेला हात, रेषा झिजलेल्या. कारकुनाने सांगितले, पुसून घ्या, परत ठेवा. तिने अंगठा पदराला पुसला, परत ठेवला, परत लाल दिवा. तिसऱ्या वेळी ती कारकुनाकडे पाहत म्हणाली, "मना सही येतं." आणि बाबा, तिची पिशवी हातात धरून मागे उभे होते, ते यंत्राकडे न पाहता कारकुनाला मोठ्याने म्हणाले, "आयकलास का? सही येतं तिला."